युरोपियमचे शेजारी

रोडपालीहून कळंबोलीच्या लोखंड बाजारात तुम्ही कधी ना कधी गेला असाल. अशा बाजारात किंवा बँकेत रोखपाल पाचशेची नोट एका लहानशा जांभळ्या दिव्याखाली धरतो, हे तुम्ही पाहिले आहे का? त्या दिव्यातून अतिनील किरण निघतात. (किरण म्हणजे उर्दूतील 'शुआ'.) हे किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. पण नोट खरी असेल तर तिच्यावरील क्रमांक लगेच चमकू लागतात. शाईतील पदार्थ न दिसणारे किरण शोषून घेतो आणि दिसणारा प्रकाश बाहेर टाकतो.

युरोपात १ जानेवारी २००२ रोजी युरो चलनाच्या नोटा वापरात आल्या. अशा दिव्याखाली त्या नोटांत लाल तेज दिसते. ते कशाचे, हे बँकेने गुप्त ठेवले. परंतु त्याच वर्षी नेदरलँड्समधील संशोधकांनी त्या प्रकाशाचा रंगपट तपासला आणि त्यात युरोपियम हे मूलद्रव्य ओळखले. १९०१ साली शोध लागला तेव्हा युरोप खंडावरूनच त्याचे नाव ठेवले होते. युरोपच्या नोटेवर पहारा करायला युरोपियमच नेमला, ही गंमत मला फार आवडते.

युरोपियम हा 'लॅन्थॅनाइड' या कुटुंबातला धातू आहे. टर्बियम हा त्याचा भाऊबंद. युरोपियमचा प्रकाश लाल आणि टर्बियमचा हिरवा. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. युरोपियमचा साधा क्षार पाण्यात विरघळवून त्या दिव्याखाली ठेवला, तर तो जवळजवळ चमकतच नाही. तेच युरोपियम दुसऱ्या संयुगात बसवले की लखलखते. मूलद्रव्य तेच, मग फरक कुठून आला? फरक आला तो शेजाऱ्यांमुळे.

आपल्या कोकणातील जुने घर डोळ्यांसमोर आणा. बाहेर पडवी, मग ओटी आणि आत माजघर. युरोपियमचे प्रकाश देणारे इलेक्ट्रॉन माजघरात राहतात. त्यांच्या बाहेर दुसऱ्या इलेक्ट्रॉनांची भरलेली कवचे असतात. म्हणून बाहेरच्या गडबडीचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. संयुग कोणतेही असो, युरोपियमच्या प्रकाशाच्या रेषा रंगपटात जवळजवळ त्याच जागी सापडतात. पण निसर्गाचा एक नियम आड येतो. या इलेक्ट्रॉनांना बाहेरचा प्रकाश थेट शोषणे फार कठीण जाते. माजघर सुरक्षित खरे, पण तिथे ऊनही पोहोचत नाही!

यावरचा उपाय १९४२ साली वाइसमन या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या प्रयोगात दिसला. युरोपियमभोवती कार्बनी रेणूंचे कडे असेल, तर ते रेणू अतिनील किरण शोषतात आणि मिळालेली ऊर्जा आत युरोपियमकडे सोपवतात. मधोमध धातूचा आयन आणि भोवती त्याला धरून बसलेले रेणू, अशा रचनेला जटिल संयुग म्हणतात. धरून बसणाऱ्या रेणूंना लिगंड हे नाव आहे. घराच्या गच्चीवरील अँटेना जसा संदेश पकडतो, तसे हे लिगंड प्रकाश पकडतात.

मात्र कोणताही लिगंड चालत नाही. गच्चीवरची टाकी नळापेक्षा उंच असेल तरच नळाला पाणी येते. तसेच लिगंडची ऊर्जापातळी धातूच्या पातळीपेक्षा उंच हवी. ती अगदी थोडीशीच उंच असेल तर ऊर्जा उलट लिगंडकडे परत जाते. (पाणी नळातून टाकीत चढत नाही. इथे आपली उपमा लंगडी पडते.) टी.टी.ए. नावाचा एक लिगंड आहे. त्याचे पूर्ण नाव आगगाडीसारखे लांब आहे, ते सोडून देऊ. युरोपियमला तो छान मानवतो. टर्बियमची पातळी अधिक उंच असल्यामुळे त्याच लिगंडसोबत टर्बियम मात्र निस्तेज राहतो.

आता पाण्याकडे वळू. युरोपियमचा आयन मोठा असतो. त्याच्याभोवती आठ-नऊ हातांना जागा असते. टी.टी.ए.चे तीन रेणू प्रत्येकी दोन हातांनी त्याला धरतात, म्हणजे सहा हात झाले. उरलेल्या जागी पाण्याचे दोन रेणू येऊन बसतात. पाण्यातील ऑक्सिजन-हायड्रोजनचा बंध सतत थरथरत असतो. तो युरोपियमची ऊर्जा ओढून घेतो. मग प्रकाशाऐवजी नुसती उष्णता निर्माण होते. हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ ड्यूटेरियम असलेले 'जड पाणी' घेतले, तर ही थरथर मंदावते. साध्या पाण्यात युरोपियमचे तेज सेकंदाचा सुमारे दहा हजारावा भाग टिकते. जड पाण्यात ते त्याच्या सुमारे चाळीस पट टिकते. या फरकावरून युरोपियमला पाण्याचे किती रेणू चिकटले आहेत, हे मोजण्याची रीत १९७९ साली हॉरॉक्स आणि सडनिक यांनी दाखवून दिली. रेणू न पाहता ते मोजायचे, केवढी युक्ती!

पाण्याला बाजूला सारायचे तर त्याच्या जागी फिनँथ्रोलीन हा दोन हातांचा रेणू बसवतात. मग तेज वाढते. नागपूर विद्यापीठाशी संबंधित एन. थेजो कल्याणी आणि एस. जे. ढोबळे यांनी अशाच संयुगांत काही युरोपियमच्या जागी यट्रियम घालून दिव्यांसाठी उपयोगी पदार्थ तयार केले. यट्रियम स्वतः असा लाल प्रकाश देत नाही, पण महाग युरोपियम कमी लागते.

शेजारी कोण आहेत याइतकेच ते कसे बसले आहेत, हेही महत्त्वाचे असते. युरोपियमच्या समोरासमोर अगदी सारखी मांडणी असेल, तर रंगपटातील नारिंगी रेषा जोरदार होते. मांडणी वाकडीतिकडी असेल, तर लाल रेषा वरचढ ठरते. रेषांच्या जागा बदलत नाहीत, त्यांचा जोर बदलतो.

या साऱ्याचा उपयोग कुठे होतो, ते ऐका. काही बालकांची थायरॉइड ग्रंथी जन्मापासून नीट काम करत नाही. पहिल्या काही आठवड्यांत औषध सुरू झाले नाही, तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. म्हणून टाचेतून रक्ताचा एक थेंब घेऊन तपासतात. १९८० नंतरच्या दशकात फिनलंडमधील तुर्कू शहरात यासाठी युरोपियमची एक पद्धत विकसित झाली. रक्तातील संप्रेरक ओळखणाऱ्या प्रतिद्रव्याला युरोपियम बांधलेले असते. बांधणारा रेणू त्याला घट्ट धरतो, पण प्रकाश पकडत नाही. त्यामुळे युरोपियम अंधारातच असते. नंतर एक द्रावण घालतात. युरोपियम सुटते, टी.टी.ए.च्या कुळातील रेणू त्याला वेढतात आणि साबणासारखे रेणू पाण्याला दूर ठेवतात. यंत्र त्यावर अतिनील प्रकाशाचा झोत टाकते आणि सेकंदाच्या सुमारे अडीच हजाराव्या भागाइतके थांबते. तेवढ्यात इतर पदार्थांची चमक विझून जाते. उरतो फक्त युरोपियमचा लाल प्रकाश, आणि तो पाहून डॉक्टरांना कळते की या बाळाला आजच औषध सुरू करायला हवे.

शब्दार्थ
मूलद्रव्य – उन्सुर. संयुग – मुरक्कब. रेणू – सालिमा. रोखपाल – पैशांची देवघेव करणारा कर्मचारी. निस्तेज – चमक नसलेला. वरचढ ठरणे – अधिक प्रभावी होणे.

स्वाध्याय
१. पाण्याचे रेणू चिकटल्यावर युरोपियमचे तेज का कमी होते?
२. टाकीची उपमा कुठे लागू पडते आणि कुठे पडत नाही, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. 'वरचढ ठरणे' आणि 'आड येणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.