घरोघरीं स्वस्त इंटरनेट : वाडीवस्तीसाठीं एक सहकारी योजना

शेतकऱ्याच्या व्यवहारास इंटरनेट किती लागतें, हें आतां समजावून सांगावयास नको. सात-बाराचा उतारा, पीकविम्याचा अर्ज, बाजारभाव व हवामानाचा अंदाज हीं सर्व त्याच मार्गानें येतात. महाराष्ट्रांत १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंद करण्याचें कामही शेतकऱ्याच्या हातीं आलें. तथापि कित्येक घरांत ही सारी सोय एकाच मोबाईलवर अवलंबून असते. घरधनी बाजारास गेला कीं मोबाईल त्याच्याबरोबर जातो व मुलांचा अभ्यास थांबतो. २०२० सालीं शाळा बंद झाल्या, तेव्हां ही अडचण सर्वांच्याच प्रत्ययास आली. घरास स्वतंत्र, कायमची व परवडणारी जोडणी कशी मिळवावी, ह्याचा विचार पाबळ व आसपासच्या वाड्यावस्त्यांची स्थिति डोळ्यांपुढें ठेवून येथें केला आहे.

मोबाईल व तंतु ह्यांतील भेद

शीघ्र गतीच्या जोडणीस ब्रॉडबँड म्हणतात. सरकारी व्याख्येप्रमाणें २००४ सालीं सेकंदास २५६ किलोबिट एवढा वेग त्यास पुरेसा मानला होता. २०२३ पासून किमान २ मेगाबिट धरला जातो.

मोबाईलचा मनोरा हवेंतून संदेश पाठवितो. त्याची शक्ति परिसरांतील सर्व मोबाईलांत वांटली जाते, म्हणून सायंकाळीं वेग मंदावतो. मध्यें टेकडी आल्यास तो अधिकच घटतो. कांचेच्या तंतूंतून मात्र प्रकाश वाहतो. प्रचलित पद्धतींत अशा एका तंतूवरून सेकंदास सुमारे २,५०० मेगाबिट येतात व वाटेंत त्याचे ६४ फांटे करतां येतात. फांटे करण्याच्या जागीं विजेची गरज नसते. चौसष्ट घरांनीं एकाच क्षणीं पूर्ण ओढ घेतली, तरी प्रत्येकाच्या वांट्यास सुमारे ३९ मेगाबिट येतात. ह्यावरून तंतूचें श्रेष्ठत्व ध्यानांत येईल.

अडचण शेवटच्या अंतराची

ग्रामपंचायतींपर्यंत तंतु नेण्याची योजना केंद्र सरकारनें २५ ऑक्टोबर २०११ रोजीं मंजूर केली. पुढें तिलाच भारतनेट हें नांव मिळालें. सुमारे अडीच लक्ष ग्रामपंचायती जोडणें हा तिचा उद्देश होय. २०२३ सालीं तिची सुधारित योजना सुमारे १ लक्ष ३९ हजार कोटी रुपयांची ठरली व तींत खेड्यांतील दीड कोटि घरांस जोडण्या देण्याचा संकल्प झाला.

परंतु चावडीपर्यंत तंतु येणें व घरांत इंटरनेट येणें ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. चासकमानचा कालवा शिरूर तालुक्यांत आला, तरी ज्या शेतास चारी नाहीं तें कोरडेंच राहतें. तसेंच येथें आहे. गांवठाणांत घराला लागून घर असतें, म्हणून एका खांबावरून पुष्कळ जोडण्या होतात. वस्तीवर एका घरासाठीं शेंकडों मीटर तंतु न्यावा लागतो, आणि एवढा खर्च एका ग्राहकाच्या वर्गणींतून निघत नाहीं, म्हणून कंपनी तेथें येण्यास नाखूष असते. अर्थात् वस्तीवरील घरांनीं एकत्र येणें हाच उपाय उरतो.

इतरांनीं काय केलें

इंग्लंडांत लँकेशायर परगण्यांतील शेतकरी व ग्रामस्थांनीं २०११ सालीं 'ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ' ही आपली संस्था काढली. गांवकऱ्यांनीं भाग घेतले, शेतकऱ्यांनीं शेतांतून तंतु नेण्यास मोबदला न घेतां वाट दिली, व पुष्कळांनीं स्वतः चर खणले. चर खणण्याचा व वाटेचा खर्च हाच अशा कामांत मोठा असतो. तो वांचल्यामुळें मोठ्या कंपन्यांनीं सोडलेल्या गांवांत सेकंदास १,००० मेगाबिट वेगाची जोडणी घरोघरीं पोंचली.

जेथें तंतु पुरणें परवडत नाहीं, तेथें हवेंतून मार्ग काढतां येतो. मुंबईच्या आय.आय.टी.नें पालघर भागांत खामलोलीच्या परिसरांतील सात गांवांत दूरचित्रवाणीच्या मोकळ्या लहरींवर असा प्रयोग केला. ह्या 'ग्राममार्ग' योजनेस २०१७ सालीं मोझिला संस्थेच्या स्पर्धेंत पारितोषिकही मिळालें. त्या लहरी मात्र सर्वांस खुल्या नाहींत. आपल्यासारख्यांनीं वाय-फायच्या विनापरवाना लहरींवरच चालावें.

कायदेशीर मार्ग

आपली घरगुती जोडणी शेजाऱ्यांस पैसे घेऊन वांटणें नियमांत बसत नाहीं. त्याकरितां ९ डिसेंबर २०२० रोजीं केंद्र सरकारनें 'पीएम-वाणी' योजना मंजूर केली आहे. तींत दुकानदारास किंवा संस्थेस सार्वजनिक केंद्र काढून वाय-फाय देतां येतें. त्यास परवाना, नोंदणी वा शुल्क लागत नाहीं. केंद्रानें फक्त सरकारकडे नोंदलेल्या एखाद्या संयोजक संस्थेशीं संबंध जोडावयाचा असतो. अशा केंद्रांकडून पूर्वीं भारी दर मागितले जात. जून २०२५ मध्यें दूरसंचार नियामक प्राधिकरणानें ठरविलें कीं, २०० मेगाबिटपर्यंतच्या तंतुजोडणीचा दर केंद्रास घरगुती दराच्या दुपटीहून अधिक लावूं नये. सहकारी संस्थांस हा निर्णय फार सोईचा आहे.

खर्चाचा हिशेब

दहा घरांची एक वस्ती घेऊं. पुढील दर केवळ रीत समजावी म्हणून कल्पिले आहेत. १०० मेगाबिटच्या घरगुती योजनेचा दर दरमहा ५०० रुपये असल्यास केंद्रास तो जास्तींत जास्त १,००० रुपये पडेल. त्यावर १८ टक्के कर १८० रुपये. वीज व दुरुस्ती ३०० रुपये. आणि ९,००० रुपयांचीं साधनें तीन वर्षें टिकतील असें धरल्यास झीज २५० रुपये. एकूण १,७३० रुपये, म्हणजे दर घरास १७३ रुपये. एकट्या घरानें तीच योजना घेतल्यास करासह ५९० रुपये पडले असते, व साधनांचा खर्च निराळाच. दहाही घरांनीं एकदम वापर केला तरी प्रत्येकास १० मेगाबिट मिळतात. सरकारी किमान वेगाच्या हे पांचपट होत. संयोजक संस्थेचा वांटा किती, हें मात्र आधीं लेखी ठरवून ह्या हिशेबांत मिळवावें.

घ्यावयाची खबरदारी

१. दोन वस्त्यांमधील वाय-फायच्या तबकड्या एकमेकींस सरळ दिसल्या पाहिजेत. उन्हाळ्यांत मोकळी दिसणारी वाट पावसाळ्यांत झाडांच्या पाल्यानें झांकली जाते. म्हणून पाहणी पावसाळ्यांत पुन्हा करावी.

२. तंतु नांगराच्या फाळाहून पुरेसा खोल पुरावा व बांधाच्या कडेनें न्यावा. त्याच्या मार्गावर खुणेचे दगड रोवावे व नकाशा संस्थेच्या दप्तरीं ठेवावा.

३. वीज गेली कीं घरांतील यंत्र बंद पडतें. बहुतेक यंत्रें १२ व्होल्टवर चालतात, म्हणून लहानशी बॅटरी पुरते.

४. खांबास भूमिजोडणी अवश्य द्यावी. विजेचा लोळ पडल्यास नुकसान कमी होतें.

५. वर्गणी न भरणाऱ्याविषयींचा नियम जोडणी देण्यापूर्वींच ठरवावा. उधारीनें बुडालेल्या संस्था आपणांस अपरिचित नाहींत.

दुरुस्तीस माणूस कोठून आणावा, अशी शंका कोणी घेतील. डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनीं १९८३ सालीं पाबळ येथें विज्ञान आश्रम स्थापन केला, तो काम करीत शिकण्याच्या तत्त्वावर. २००२ सालीं अमेरिकेंतील एम.आय.टी. ह्या संस्थेच्या साह्यानें तेथें फॅब लॅब ही यंत्रशाळा निघाली. जोडकाम, विजेचें काम व इलेक्ट्रॉनिक्स ह्यांचें शिक्षण ज्या गांवांत खेड्यांतील मुलांस मिळत आलें आहे, तेथें वायरी जोडणारा व खांब उभारणारा हात दुर्मिळ नाहीं. अशा एका तरुणास थोडें वेतन देऊन अनेक वस्त्यांचें काम सोंपवितां येईल, व त्यासही गांवांतच धंदा मिळेल.

म्हणून सभासदांनीं येत्या सभेंत प्रथम तीन गोष्टींची माहिती गोळा करावी : आपल्या वस्तीपासून सर्वांत जवळचा तंतु किती अंतरावर आहे, किती घरें वर्षभर वर्गणी देण्यास तयार आहेत, व कोणाच्या शेतांतून वाट मिळूं शकेल. हीं तीन उत्तरें हातीं घेऊन कंपनीच्या दारीं दहा घरें एकत्र गेलीं, तर एकट्यास मिळणारा नकार त्यांस सहसा मिळणार नाहीं.