कुंडलिनी, शक्तिपात आणि तांत्रिक ध्यान

प्रश्न : ज्ञानेश्वरीतील कुंडलिनी आणि गणेशपुरीच्या परंपरेतील शक्तिपात यांमागे एकच तत्त्वज्ञान आहे का?
– एक वाचक, काल्हेर (ता. भिवंडी)

उत्तर : भूमी एकच, शैव-शाक्त तंत्राची आहे; भर मात्र निराळा आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आसन, मूळ, जालंधर व उड्डियान हे बंध, म्हणजे गुद, कंठ व उदर यांचे नियमन, आणि त्यांमुळे जागी होणारी कुंडलिनी, म्हणजे देहातील सुप्त शक्ती, यांचे सविस्तर वर्णन आहे. हा नाथपंथाचा प्रयत्नसाध्य क्रम असून, ज्या मत्स्येंद्रनाथांपासून ही परंपरा गहिनीनाथ व निवृत्तिनाथ यांच्याद्वारे ज्ञानेश्वरांपर्यंत आली, त्यांनाच काश्मीरचे शैव आचार्य अभिनवगुप्त यांनी ‘तंत्रालोक’ या ग्रंथाच्या आरंभी वंदन केले आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तंत्र म्हणजे जारणमारण, हा रूढ समज या वारशावर अन्याय करणारा आहे.

गणेशपुरीत १९६१ मध्ये समाधिस्थ झालेल्या नित्यानंदांचे शिष्य मुक्तानंद (१९०८–१९८२) यांनी काश्मीर शैवमताच्या आधारे शक्तिपाताचे, म्हणजे गुरुकृपेने होणाऱ्या शक्तिजागृतीचे, विवेचन केले. या मतानुसार जग शिवाहून वेगळे नसल्याने ध्यान म्हणजे जगाचा त्याग नव्हे, तर विसरलेल्या स्वरूपाची ओळख, म्हणजेच प्रत्यभिज्ञा होय. ‘विज्ञानभैरव’ या ग्रंथातील ११२ धारणांपैकी, म्हणजे ध्यानाच्या युक्तींपैकी, पहिली याच ओळखीसाठी श्वास आत व बाहेर जिथे विसावतो, त्या दोन बिंदूंकडे अवधान नेते.

नवशिक्या साधकाने आरंभ या सहज अवधानापासून करावा. बंध व कुंभक, म्हणजे श्वास रोखणे, केवळ पुस्तकावरून करू नये आणि हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असल्यास वैद्यकीय सल्ल्याशिवाय करूच नये.