देवळाच्या पायरीवरून जगातील तीर्थांकडे : वास्तू कशी पाहावी?



दर्शनास आलेला यात्रेकरू बहुधा घाईत असतो. रांग, ओटी, नारळ, दर्शन, प्रसाद आणि परतीची एस.टी. एवढ्यात दिवस सरतो आणि ज्या वास्तूत देव नांदतो ती वास्तू पाहावयाची राहून जाते. आपल्या पूर्वजांनी प्रदक्षिणेची प्रथा घालून दिली. तिच्यामुळे भाविकाचे देवाभोवती फिरणे घडते, तसेच देवाचे घर चहूबाजूंनी पाहणेही घडते. आज शाहूवाडी-मलकापूर परिसरातील कुटुंबेही नोकरीनिमित्त वा प्रवासानिमित्त दूरदेशी जाऊ लागली आहेत. तेथील प्रार्थनास्थळे पाहण्याचा योग त्यांना येतो. ती पाहण्याची दृष्टी मात्र गावच्या देवळातच तयार होते. प्रस्तुत लेखात कोल्हापूर जिल्हा आणि महाराष्ट्रातील काही स्थाने व जगातील काही स्थाने शेजारी शेजारी ठेवून, वास्तू पाहण्याचा एक छोटा पाठ दिला आहे. देणगीदारांनी त्यातील शेवटचा भाग अवश्य वाचावा, ही विनंती.

१. प्रकाश : देवापर्यंत येणारी सूर्याची वाट

करवीर निवासिनी श्री अंबाबाईचे मंदिर पश्चिमाभिमुख आहे. वर्षातून दोन वेळा मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून आत येऊन गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात. परंपरेने ३१ जानेवारी व ९ नोव्हेंबर रोजी ती देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी मूर्तीच्या मध्यभागी आणि २ फेब्रुवारी व ११ नोव्हेंबर रोजी मुखावर येतात. हाच किरणोत्सव होय. दगड रचण्यापूर्वीच स्थपतींनी सूर्याची वाट ठरवून ठेवली होती, हे यावरून ध्यानात येते.

इजिप्त देशात अबू सिंबेल येथे इसवी सनापूर्वी तेराव्या शतकात दुसऱ्या रामसेस राजाने डोंगर कोरून मंदिर घडविले. तेथेही २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबर या दिवशी उगवत्या सूर्याची किरणे थेट गर्भगृहातील मूर्तींवर पडतात. आस्वानच्या मोठ्या धरणामुळे हे मंदिर पाण्याखाली जाणार होते. तेव्हा युनेस्कोच्या पुढाकाराने १९६४ ते १९६८ या काळात ते कापून, सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा उभारण्यात आले. दगड हलविताना सूर्याची दिशाही सांभाळण्यात आली. ज्या मंदिरात आज नित्यपूजा होत नाही, तेथील किरणांसाठी जगाने एवढे कष्ट घेतले. आपल्याकडे पूजा अखंड चालू आहे. परंतु किरणांच्या वाटेत येणाऱ्या बांधकामांचा प्रश्न वारंवार उभा राहिला आहे. मंदिराची सीमा त्याच्या कोटापाशी संपत नाही, प्रकाशाची वाटही मंदिराचाच भाग असते, हा यातील पहिला धडा.

२. आकाश : छताविना मंडप

शिरोळ तालुक्यात, कृष्णातीरी खिद्रापूर येथे श्री कोपेश्वराचे शिलाहारकालीन मंदिर आहे. देवगिरीच्या यादवांपैकी सिंघण राजाचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेखही तेथे आहे. या मंदिराचा स्वर्गमंडप भाविकाला थबकवितो. मधोमध गोल शिला, तिच्याभोवती बारा स्तंभांचे वर्तुळ आणि वर छताच्या मध्यभागी मोठे गोल मोकळे आकाश. ऊन, पाऊस, चांदणे थेट आत येते. मंदिरासमोर नेहमीप्रमाणे नंदी नाही, हेही पाहण्यासारखे. बाहेरील पीठावरील हत्तींची रांग पाहावयास सावकाश प्रदक्षिणा घालावी.

रोम नगरीत पँथिऑन नावाची वास्तू सम्राट हेड्रियनच्या काळात, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, पूर्ण झाली. तिचा घुमट सुमारे ४३ मीटर व्यासाचा असून माथ्यावर सुमारे ९ मीटरचे गोल उघडे तोंड आहे. पाऊस आत पडतो आणि फरशीतील छिद्रांवाटे वाहून जातो. सातव्या शतकात या वास्तूचे चर्चमध्ये रूपांतर झाले. तरी ते तोंड कोणी बुजविले नाही. रोमच्या कारागिरांनी घुमट ओतून घडविला, आपल्या कारागिरांनी दगडांवर दगड आणि स्तंभांवर तुळया रचल्या. दोघांची रीत निराळी, परंतु ‘देवाच्या घरात आकाशालाही जागा असावी’ हा भाव दोन्हीकडे जाणवतो. छत गळते म्हणून पत्रा टाकण्यापूर्वी ती मोकळी जागा मुळात कशासाठी आहे, हे आधी विचारावे, हा दुसरा धडा.

३. पाषाण : वरून खाली घडलेली मंदिरे

वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात कोरले गेले. हे मंदिर बांधलेले नसून डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणले आहे. येथे कळस आधी घडला आणि पाया सर्वांत शेवटी. बांधकामात चुकलेला दगड बदलता येतो. कोरण्यात चुकलेला घाव बदलता येत नाही. त्यामुळे पहिला घाव घालण्यापूर्वीच संपूर्ण मंदिर कारागिरांच्या मनात उभे असले पाहिजे.

आफ्रिकेतील इथिओपिया देशात लालिबेला येथे याच रीतीने खडकातून कोरलेली अकरा चर्च आहेत. त्यांपैकी संत जॉर्जचे चर्च वरून क्रुसाच्या आकाराचे दिसते. तेथे आजही उपासना चालते. नाताळाला, म्हणजे त्यांच्या पंचांगाप्रमाणे ७ जानेवारीस, हजारो भाविक पायी येतात आणि आपल्यासारखेच पादत्राणे बाहेर काढून आत जातात. देश, धर्म व भाषा वेगळी असूनही तेथे गेलेल्या मराठी माणसाला ती पायरी परकी वाटू नये.

४. वन : जेथे अरण्य हेच देऊळ

आता आपल्या तालुक्याकडे वळू. कोल्हापूर-रत्नागिरी मार्गावर घाटमाथ्यावरील आंबा गावी श्री अंबेश्वराची देवराई आहे. सह्याद्रीच्या देवरायांमध्ये देऊळ पुष्कळदा लहानसे असते. मोठी वास्तू असते ती झाडांची. उंच खोड हे तिचे स्तंभ आणि पालवी हे छत. देवाच्या रानात कुऱ्हाड चालवू नये, पडलेले लाकूडही घरी नेऊ नये, हा गावोगावचा जुना दंडक. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा या श्रद्धेने किती वृक्षवैभव राखले आहे हे अभ्यासकांच्या नजरेस आले.

जपानमध्ये इसे येथील प्रसिद्ध लाकडी देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने उभारतात. बासष्टावी उभारणी २०१३ मध्ये झाली, पुढील २०३३ मध्ये ठरलेली आहे. त्यासाठी लागणाऱ्या वृक्षांची लागवड पुढील पिढ्यांचा हिशेब मांडून देवस्थानच्याच वनात केली जाते. आपली राई न तोडण्याच्या नियमाने टिकली, तेथील वन लावण्याच्या नियमाने. दोन्हीकडे झाडांना देवाचा आधार आहे आणि देवालाही झाडांचा.

दान देण्यापूर्वी

जीर्णोद्धार हे थोर पुण्यकर्म मानले आहे. तथापि जीर्णोद्धार म्हणजे जीर्ण झालेल्याला सावरणे. जुने पाडून नवे उभारणे हा त्याचा अर्थ नव्हे. चांगल्या हेतूने दिलेल्या देणगीतूनच कधी कधी काळ्या पाषाणावर तैलरंग चढतो, कोरीव खांबांना चकचकीत फरशीचे आवरण बसते, वाळूचा मारा करून दगडाची मूळ कातडीच निघते. चुन्याच्या जुन्या दर्जांत सिमेंट भरले की भिंतीतील ओल बाहेर पडत नाही आणि दगड आतून झिजतो. आपल्या पर्जन्यबहुल तालुक्यात हे विशेष जाणवते. काही ठिकाणी मंदिर मोठे करण्याच्या खर्चासाठी राईतील जुनी झाडेच विकली गेली. देवासाठी घर झाले, परंतु देवाचे रान गेले. हे दुःख कोणत्याही कळसाने भरून येत नाही.

म्हणून देणगी देताना पुढील गोष्टी विचाराव्यात :

• काम जुन्या वास्तूचे जतन करणारे आहे की तिला झाकणारे?
• पुरातन वास्तूंच्या जाणकाराचा सल्ला घेतला आहे काय? मंदिर संरक्षित स्मारक असल्यास पुरातत्त्व विभागाची परवानगी आहे काय?
• कामासाठी झाड तोडावे लागणार आहे काय? टाळता येईल काय?
• छताची गळती, पाण्याचा निचरा, कुंडातील गाळ यांसारख्या न दिसणाऱ्या कामांना आपले दान देता येईल काय?

नावाची पाटी लावावयाची असल्यास ती मूळ दगडावर न कोरता स्वतंत्र लावावी. प्रत्येक देणगीची रीतसर पावती घ्यावी.

यात्रेकरूंसाठी सूचना

कोणत्याही तीर्थी, मग ते गावातले असो वा परदेशातले, आधी वास्तूचे मुख कोणत्या दिशेस आहे ते पाहावे. नंतर पाणी कोठून येते व कोठे जाते, प्रकाश कोठून येतो, आणि भोवती कोणती झाडे आहेत, हे पाहावे. मूर्ती व कोरीव काम यांना हात लावू नये. छायाचित्रास परवानगी आहे का, हे विचारावे. इसे येथे मुख्य देवालयाचे छायाचित्र घेऊ देत नाहीत. आपल्याकडेही अनेक गाभाऱ्यांत तोच नियम आहे. देवराईत प्लॅस्टिक नेऊ नये आणि तेथून पानही आणू नये.

एवढे पाहून झाल्यावर हात जोडावेत. जे आपल्या आधी हजार वर्षे टिकले ते आपल्या हातून बिघडू नये, एवढी प्रार्थना त्या वेळी अवश्य करावी.

॥ शुभं भवतु ॥