डबके किती दिवस टिकते?

मे महिन्यात नांदेड जिल्ह्यातील नायगावच्या शिवारात काळी जमीन तापून भेगाळलेली असते. नाले कोरडे पडतात. बेडूक औषधालाही सापडत नाही. मग मृगाचा एक जोरदार पाऊस होतो आणि त्याच रात्री सारे शिवार 'डराव डराव'ने दुमदुमते. हे बेडूक एका रात्रीत आले कोठून? ते आपल्या पायांखालच्या जमिनीतच होते!

बेडूक हा उभयचर प्राणी. तो आपल्यासारखा तोंडाने पाणी पीत नाही, तर त्वचेतून शोषून घेतो. परंतु ज्या त्वचेतून पाणी आत येते, तिच्यातूनच ते बाहेरही जाते. म्हणून कडक ऊन त्याला मारक ठरते. मराठवाडा म्हणजे वाळवंट नव्हे, तरी वर्षातील बरेच महिने येथे पाऊस जवळजवळ नसतोच. मग बेडूक जगतात कसे?

स्फेरोथेका वंशातील बेडकांकडे याचे उत्तर आहे. त्यांच्या मागच्या पायांच्या तळव्यावर खुरप्यासारखा कठीण उंचवटा असतो. त्याने माती उकरत हे बेडूक मागच्या बाजूने जमिनीत शिरतात. तेथे गारवा व ओल असते. शरीराचे सर्व व्यापार मंदावतात. यालाच ग्रीष्मनिद्रा म्हणतात. याच वंशातील 'स्फेरोथेका पश्चिमा' ही जात पश्चिम भारतातून २०१७ साली प्रथम नोंदली गेली. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील एक बेडूक तर याहून पुढे गेला आहे. तो मूत्राशयात पाणी साठवतो आणि सुटलेल्या कातडीच्या थरांचा कोश अंगाभोवती करून घेतो.

तेव्हा उन्हाळा काढण्याची युक्ती बेडकाजवळ आहे. खरी परीक्षा पावसाळ्यातच होते. पहिल्या पावसानंतर मादी उथळ डबक्यात अंडी घालते. अंड्यांतून भैकेर बाहेर पडतात. त्यांना कल्ले असतात, पाय नसतात. पाय फुटून बेडूक होईपर्यंत डबक्यात पाणी टिकलेच पाहिजे.

आता एक हिशेब करू. समजा, डबके १२० मिलिमीटर खोल आहे आणि बाष्पीभवन व झिरपा यांमुळे रोज ६ मिलिमीटर पाणी कमी होते. डबके २० दिवसांत आटेल. भैकेरांना ३० दिवस हवे असतील, तर सर्व मरतील. मात्र मध्येच पावसाने ६० मिलिमीटर भर पडली, तर आणखी १० दिवस मिळतील आणि ते वाचतील. आता हवा तापून रोजची घट ८ मिलिमीटर झाली असे समजा. मग तेवढीच भर पडूनही डबके २३ व्या दिवशी कोरडे होईल!

हवामान बदलते म्हणजे काय होते, ते यावरून समजेल. हंगामाची बेरीज तीच राहिली, तरी पावसाची वाटणी बिघडली की भैकेर मरतात. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असे २०१७ साली पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ रॉक्सी कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. जगातील उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत, असे २०२३ च्या जागतिक पाहणीत आढळले. २००४ नंतर ज्या जातींची स्थिती खालावली, त्यांपैकी ३९ टक्क्यांच्या बाबतीत हवामानबदल हे प्रमुख कारण होते.

यावर उपाय कोणता? शेततळे बेडकाला पुरेल, असे वाटेल. परंतु प्लास्टिक अंथरलेल्या तळ्याच्या निसरड्या कडा त्याला चढता येत नाहीत, आणि मासे सोडले असतील तर ते भैकेर खातात. त्याला हवे असते बांधाकडेचे, गवताळ काठाचे उथळ डबके. असे डबके बुजवू नये. फवारणीचे पंप त्यात धुऊ नयेत. बेडूक पिकांवरील किडे खातो, म्हणून यात शेतकऱ्याचाही लाभ आहे.

करून पाहा : शाळेजवळचे एक डबके निवडा. शिक्षकांना बरोबर घेऊन रोज एकाच वेळी काठीने पाण्याची खोली मोजा. पाऊस, अंडी, भैकेर आणि पाय फुटल्याची तारीख वहीत नोंदवा. अंडी किंवा भैकेर दुसऱ्या डबक्यात नेऊ नका, कारण त्यांच्याबरोबर रोगही जातात. पुढच्या वर्षी हीच नोंद पुन्हा करा. आपल्या गावचे बेडूक वाचतील की नाही, हे या दोन नोंदींची तुलना केल्यावर तुम्हीच सांगू लागाल.