समीकरणांची लिपी आणि खुली मानके

अपूर्णांकाची आडवी रेघ दिसावयास अगदी साधी असते. परंतु तिच्यात पुष्कळ अर्थ साठविलेला असतो. ४ अधिक ६ ही बेरीज अंशस्थानी आणि २ हा अंक छेदस्थानी लिहिला, तर उत्तर ५ येते. तेच अंक ४ + ६ ÷ २ असे एका ओळीत लिहिले, तर भागाकार आधी करावा लागून उत्तर ७ येते. अंक तेच, क्रमही तोच. बदलली ती केवळ मांडणी. गणितात मांडणी हा अर्थाचाच भाग असतो. घातांक कोणत्या अक्षराच्या माथ्यावर बसला आहे, वर्गमूळाचे छत्र कोठपर्यंत पसरले आहे, यावर उत्तराचा खरेखोटेपणा अवलंबून असतो.

ही मांडणी संगणकाच्या पडद्यावर बिनचूक उतरावी आणि कोणत्याही संगणकावर ती सारखीच उतरावी, ही अपेक्षा माफक वाटते. प्रत्यक्षात मात्र त्यासाठीचे मानक ठरल्यानंतरही ती पुरी होण्यास सुमारे पंचवीस वर्षे लागली. हा विलंब का झाला, हे समजून घेणे उद्बोधक आहे.

शास्त्रज्ञांचे जाळे, पण समीकरणाविना

१९८९ साली जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना मांडली. निरनिराळ्या देशांतील पदार्थवैज्ञानिकांना आपापली माहिती एकमेकांना सुलभतेने वाचता यावी, हा तिच्यामागील हेतू होता. वेबवरील पाने ‘एचटीएमएल’ नावाच्या खुणांच्या भाषेत लिहिली जातात आणि ब्राउझर ही आज्ञावली त्या खुणा वाचून पान पडद्यावर मांडते. शीर्षक, परिच्छेद, यादी यांच्यासाठी या भाषेत खुणा होत्या. समीकरणासाठी मात्र एकही खूण नव्हती. शास्त्रज्ञांसाठी जन्मलेल्या माध्यमात शास्त्राचीच भाषा लिहिता येऊ नये, हा विरोधाभासच म्हणावा लागेल. १९९५ च्या सुमारास एचटीएमएलच्या तिसऱ्या आवृत्तीच्या मसुद्यात गणितासाठी खुणा सुचविण्यात आल्या. परंतु जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३.२ या आवृत्तीत त्यांना स्थान मिळाले नाही.

तोपर्यंत लेखकांनी आपल्यापुरता मार्ग काढला होता. समीकरणाचे चित्र करावयाचे आणि ते पानावर चिकटवावयाचे! त्यामुळे डोळस वाचकाची सोय झाली, तरी तीन मोठे तोटे राहिले. चित्र मोठे केले की ते फाटल्यासारखे दिसे. चित्रातील सूत्र शोधता वा उचलून घेता येत नसे. तिसरा तोटा सर्वांत गंभीर होता. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीच्या साहाय्याने शिकणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्यास सूत्राच्या जागी ‘चित्र’ एवढाच शब्द ऐकू येई. ज्या धड्यात सूत्र कळत नाही, तो गणिताचा धडा त्याच्यापुरता कोराच राहतो.

दोन मानके

१९९४ साली स्थापन झालेल्या ‘वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम’ या संघटनेने हे काम हाती घेतले. एप्रिल १९९८ मध्ये तिने ‘मॅथएमएल’ हे गणिताच्या खुणांचे मानक प्रसिद्ध केले. यात अपूर्णांकासाठी स्वतंत्र खूण आहे. तिच्या पोटात पहिला येतो तो अंश आणि दुसरा तो छेद. वर्गमूळ, घातांक, कोष्टक यांचीही व्यवस्था अशीच आहे. म्हणजे येथे समीकरणाचे चित्र साठविले जात नाही, तर त्याची रचना साठविली जाते. तीच रचना ब्राउझर पडद्यावर मांडतो आणि वाचक आज्ञावली ‘अंश ४ अधिक ६, छेद २’ अशा रीतीने मुखाने सांगू शकते किंवा ब्रेलमध्ये उतरवू शकते. देवनागरी अंक व अक्षरेही या खुणांत बसतात.

रेखाकृतींसाठीचे ‘एसव्हीजी’ हे मानक सप्टेंबर २००१ मध्ये आले. त्याचे तत्त्वही हेच आहे. लांबीरुंदीला दोनदोनशे ठिपके असलेल्या चित्रात एक वर्तुळ साठवावयाचे तर चाळीस हजार ठिपक्यांचा हिशेब ठेवावा लागतो. एसव्हीजीमध्ये केंद्राचे स्थान व त्रिज्या एवढे सांगितले की पुरे. नखाएवढे वर्तुळ भिंतीएवढे केले, तरी त्याची कड रेखीवच राहते. शिवाय आकृतीला शीर्षक व वर्णन जोडण्याची सोय असल्याने ज्याला ती दिसत नाही, त्यालाही ती समजावून देता येते.

ही दोन्ही मानके खुली आहेत. त्यांचे नियम कोणासही विनामूल्य वाचता येतात आणि त्यानुसार आज्ञावली तयार करण्यास मज्जाव नाही.

मानक आले, अंमल राहिला

मानक प्रसिद्ध होणे म्हणजे ते अमलात येणे नव्हे. एसव्हीजीचा जन्म होण्यापूर्वी, १९९८ मध्ये, कंपन्यांच्या दोन गटांनी दोन निरनिराळे प्रस्ताव मांडले होते. त्यातून एक सर्वमान्य मानक निघाले खरे. परंतु त्या काळी सर्वाधिक वापरात असलेल्या ‘इंटरनेट एक्सप्लोरर’ या ब्राउझरने आपलीच जुनी पद्धत चालू ठेवली. मार्च २०११ मध्ये आलेल्या नवव्या आवृत्तीत त्याने एसव्हीजी स्वीकारले. तोवर वाचकांना पूरक आज्ञावली वेगळी जोडून घ्यावी लागे. तशी जोडणी नसलेल्या संगणकावर आकृतीची जागा रिकामीच राही.

मॅथएमएलची वाट अधिक बिकट ठरली. मोझिला प्रकल्पाने ते लवकर स्वीकारले. त्यात स्वयंसेवकांच्या श्रमाचा वाटा मोठा होता. २०११ मध्ये ‘सफारी’तही त्याचा प्रवेश झाला. जानेवारी २०१३ मध्ये ‘क्रोम’च्या २४ व्या आवृत्तीत समीकरणे दिसू लागली आणि लगेच पुढच्या आवृत्तीत ती सोय काढून घेण्यात आली, संबंधित आज्ञावली पुरेशी सिद्ध व सुरक्षित नाही, असे कारण देण्यात आले. ऑक्टोबर २०१४ मध्ये संमत झालेल्या एचटीएमएल ५ या मानकात मॅथएमएल व एसव्हीजी या दोहोंना अधिकृत स्थान होते. तरीही ही स्थिती पालटली नाही. मधल्या काळात ‘मॅथजॅक्स’ या मुक्त आज्ञावलीने बरीच उणीव भरून काढली. मात्र तिचा भार प्रत्येक पानाला स्वतंत्रपणे वाहावा लागे.

अखेर हे काम स्पेनमधील ‘इगालिया’ या संस्थेने तडीस नेले. ही संस्था तिच्या कर्मचाऱ्यांच्याच मालकीची आहे. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्रातील वाचकांना याचे विशेष वाटेल. मानकाचा आटोपशीर व काटेकोर गाभा निश्चित करण्यात आला. त्यानुसार जानेवारी २०२३ मध्ये क्रोमच्या १०९ व्या आवृत्तीत मॅथएमएल परत आले. त्याच पायावर उभ्या असलेल्या ‘एज’लाही त्याचा लाभ झाला. आज सर्व प्रमुख ब्राउझर समीकरणे स्वतः मांडतात. बारीकसारीक फरक मात्र अद्याप आहेत.

विलंबाचा बोध

रेखाकृती नकाशांना हव्या असतात, जाहिरातींना हव्या असतात, बोधचिन्हांनाही हव्या असतात. त्यामुळे एसव्हीजीला बाजारपेठेचे पाठबळ लाभले. समीकरणाचा आग्रह धरणारे मात्र शिक्षक, विद्यार्थी व संशोधक एवढेच होते. जेथे ग्राहक थोडे असतात, तेथे मानकाचे पालन आपोआप होत नाही. त्यासाठी कोणीतरी श्रम व द्रव्य वेचावे लागते. मराठी वाचकांनाही याचा अनुभव आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी एका संगणकावर टंकलिखित केलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांची माळ होऊन उमटत असे.

आता साधने हाती आली आहेत. त्यांचा वापर करणे लेखक, शिक्षक व प्रकाशक यांच्या हाती आहे. पाठ्यसाहित्य तयार करताना समीकरणाचे छायाचित्र न चिकटविता ते सूत्रलेखनाच्या साधनाने लिहावे. ‘लिब्रेऑफिस’सारख्या मुक्त आज्ञावलीत ती सोय असून तिच्या दस्तऐवजात सूत्रे मॅथएमएलमध्येच साठविली जातात. ‘ईपब’ ३ या स्वरूपातील ई-पुस्तकांतही दोन्ही मानकांना स्थान आहे. आकृतीला वर्णन जोडावे. पान प्रसिद्ध करण्यापूर्वी ते किमान दोन निरनिराळ्या ब्राउझरमध्ये उघडून पाहावे आणि वाचक आज्ञावलीकडून एकदा ऐकावे. एवढी दक्षता घेतल्यास अपूर्णांकाची ती आडवी रेघ, जिला ती डोळ्यांनी दिसत नाही अशा विद्यार्थिनीपर्यंतही पोहोचेल आणि तिचे उत्तर ७ न येता ५ च येईल.