मोटार कोणती घ्यावी?

मुलांनो, नागऱ्याहून गोंदिया जंक्शन जवळच आहे. डब्ल्यूएजी-७ हे मालगाडीचे इंजिन आणि डब्ल्यूएपी-४ हे प्रवासी गाडीचे. दोघांत एकाच प्रकारच्या विद्युत मोटारी असतात. फरक आहे तो दातेरी चाकांचा. मालगाडीच्या इंजिनात मोटारीच्या दातेरी चाकाला १६ दाते आणि आसावरच्या चाकाला ६५. प्रवासी इंजिनात २३ आणि ५८. म्हणून मालगाडीत मोटार सुमारे चार वेळा फिरते, तेव्हा गाडीचे चाक एकदा फिरते. वेग कमी, ओढण्याची ताकद जास्त.

रेडिओवर चालणाऱ्या खेळण्यातील गाडीलाही हाच हिशेब लागू पडतो. (मराठीत गाडीलाही मोटार म्हणतात, येथे आपण गाडीला गाडीच म्हणू.)

ब्रशच्या मोटारीवर २७ टर्न, १५ टर्न असे लिहिलेले असते. टर्न म्हणजे आतील तारेचे वेढे. वेढे कमी असले की मोटार जोरात फिरते. पण ती वीज जास्त खाते, लवकर तापते आणि बॅटरीही लवकर उतरते. पुष्कळ मुले वेगालाच भुलतात. धानाच्या बांधीत गाडी अडली की मोटार थांबते, वीज मात्र वाहतच राहते. मग तारेवरचा लेप जळतो आणि वर्षभर साठवलेले पैसे वाया जातात.

कच्च्या रस्त्यावर खेळायचे असेल तर २७ वेढ्यांची मोटार घ्यावी आणि तिच्यावर कमी दात्यांचे चाक बसवावे. दहा मिनिटांनी गाडी थांबवा. मोटारीला हळूच बोट लावून पाहा. बोट ठेववत नसेल, तर त्या चाकाचे आणखी एक-दोन दाते कमी हवेत.