म्हातारा शिकारी होल्यांना दाणे का टाकतो?

प्रश्न : माझे आजोबा तरुणपणी आमच्या भागातले नावाजलेले शिकारी होते. हाके, मचाण, रात्री बॅटरी लावून केलेली शिकार, सगळं त्यांनी केलेलं. आता पंच्याऐंशी उलटली. रोज सकाळी अंगणात होल्यांना दाणे टाकतात आणि पोरांनी गलोल हातात घेतली की खवळतात. जिम कॉर्बेटबद्दलही असंच वाचलं होतं. सगळेच शिकारी म्हातारपणी असे बदलतात का? की हातपाय थकले म्हणून हे प्रेम?
– एक वाचक, साकोली (जि. भंडारा)

उत्तर : हातपाय थकले की शिकार सुटते हे खरं, पण त्यामुळे कुणाला होल्यांना दाणे टाकावेसे वाटत नाहीत. तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ‘नाही’ असं आहे. पहिल्याचं उत्तर जरा लांबेल.

या गोष्टीचा रीतसर मागोवा सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात घेतला गेला. तिथे हरणांची शिकार हा घरोघरचा सण असतो. नोव्हेंबरात नऊ दिवसांचा हंगाम लागला की बाप-लेक, काका-पुतणे रानात मुक्काम ठोकतात. ला क्रॉस इथल्या विद्यापीठातल्या रॉबर्ट जॅक्सन आणि रॉबर्ट नॉर्टन यांनी हजाराहून अधिक शिकाऱ्यांना गाठून बोलतं केलं. त्यांना समाधान नेमकं कशात वाटतं, याचा शोध होता. वय आणि अनुभव वाढेल तसं हे समाधान सरकत जातं, असं त्यांना दिसलं. नवख्याला बार उडाला याचंच अप्रूप. लागला नाही तरी चालतं. मग आकडा महत्त्वाचा होतो, परवान्यात जेवढी मुभा तेवढं मारूनच घरी यायचं. पुढे आकड्याचाही कंटाळा येतो आणि नजर शिंगांवर जाते. दहा नर सोडून अकरावा, सगळ्यात मोठा, तोच हवा. त्यानंतर माणूस मुद्दाम काम अवघड करून घेतो : दुर्बीण लावलेली रायफल घरी ठेवून धनुष्यबाण किंवा ठासणीची बंदूक घेऊन निघतो. आणि सगळ्यात शेवटी असा दिवस येतो, की रिकाम्या हाताने परतला तरी दिवस फुकट गेला असं त्याला वाटत नाही. रान, कुत्रा, सोबती, नातवाला माग काढायला शिकवणं, एवढ्यात त्याचं भागतं. परवान्याआधी तिथल्या नवशिक्यांना जो वर्ग करावा लागतो, त्यात अजूनही बऱ्याच ठिकाणी हे पाच टप्पे शिकवतात.

या पाच टप्प्यांत दया फारशी कुठे येत नाही. शेवटच्या टप्प्यावरचा म्हातारा हरणाला भला माणूस वाटणार नाही. त्याची मारण्याची हौस फिटलेली असते, एवढंच. मला हे पटतं. जनावर टप्प्यात आणण्यात खरं कसब लागतं. घोडा ओढण्यात ते फारच थोडं. ज्याला आपलं कसब स्वतःशी सिद्ध करायचं उरलेलं नाही, त्याला शेवटची ती गोळी नकोशी होऊ शकते. शिवाय वर्षं जातात तशी जखमी होऊन निसटलेल्या जनावरांची यादीही वाढते. जाणत्या शिकाऱ्याला रक्ताच्या मागावर जावंच लागतं, आणि पोटात गोळी लागलेलं सांबर दुसऱ्या दिवशी कोणत्या अवस्थेत सापडतं, हे त्याने पाहिलेलं असतं. पोरसवदा शिकाऱ्याच्या वाट्याला हे अजून आलेलं नसतं.

तरी या पायऱ्यांवर पूर्ण भिस्त ठेवू नये. वीस वर्षांचे आणि सत्तर वर्षांचे शिकारी एकाच वेळी भेटले, म्हणजे विशीतला सत्तरीत असाच होईल असं सिद्ध होत नाही. दुसरं म्हणजे, सत्तरीतही जे रानात भेटले ते टिकून राहिलेले. मधल्या काळात ज्यांनी बंदूक टांगली, ते या हिशेबात येतच नाहीत, आणि असे पुष्कळ असतात. अमेरिकेत 1982 च्या सुमारास जवळपास 1 कोटी 70 लाख शिकारी होते, ते 2016 पर्यंत सव्वा कोटीच्याही खाली आले. त्यातले कितीतरी कुठल्याही टप्प्याला न पोचता नुसते घरी बसले असणार.

आता कॉर्बेट. आपल्याकडे त्याची गोष्ट फार सरळ करून सांगतात : आधी शिकारी, मग पश्चात्ताप, मग वाघांचा कैवारी. प्रत्यक्षात सगळं एकात एक गुंतलेलं आहे. 1907 मध्ये त्याने चंपावतची नरभक्षक वाघीण मारली, तेव्हा बक्षीस रद्द करा आणि बाकीच्या शिकाऱ्यांना परत बोलवा, अशा त्याच्या अटी होत्या. बक्षिसासाठी मारणाऱ्यांत आपली गणना नको, आणि दुसऱ्या कुणाची गोळीही लागायला नको! (दुसरं कारण जास्त प्रामाणिक वाटतं.) विसाच्या दशकात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने काढलेले जंगलातल्या वाघांचे फोटो पाहून त्याला कॅमेऱ्याचा नाद लागला. सिनेकॅमेऱ्याची घरघर वाघाला ऐकू जाऊ नये म्हणून त्याने एका ओढ्याला छोटे बांध घालून पाण्याचा आवाज वाढवला होता, इतका हा नाद. पण 1930 मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यानेच ‘पवलगढचा बॅचलर’ म्हणून गाजलेला प्रचंड वाघ मारला. तो नरभक्षक नव्हता. दहा वर्षं सगळा संयुक्त प्रांत त्याच्या मागे होता, हाच त्याचा गुन्हा. पुढे 1936 मध्ये हेली राष्ट्रीय उद्यान व्हावं म्हणून झटणाऱ्यांत कॉर्बेट होता (तेच 1957 मध्ये त्याच्या नावाचं झालं), आणि साधारण त्याच वर्षांत व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी शिकारीचा बंदोबस्त करणाराही तोच. कॅमेरा आणि रायफल एकाच खांद्यावर बरीच वर्षं सुखाने नांदली.

आल्डो लिओपोल्ड या अमेरिकी वनाधिकाऱ्याची गोष्ट याहून बोलकी. 1909 मध्ये, बाविशीत, अ‍ॅरिझोनात त्याने सोबत्यांसह लांडग्यांच्या कळपावर गोळ्या झाडल्या. मरणाऱ्या मादीच्या डोळ्यांत विझत जाणारी हिरवी झाक पाहून आपण चुकलो हे उमगलं, असा त्याचा प्रसिद्ध लेख आहे. मात्र तो लेख 1944 मधला, लेखक सत्तावन्न वर्षांचा. मधल्या काळात बरीच वर्षं तो लांडगे संपवण्याच्या बाजूचाच होता. लांडग्यांबद्दल तुझं मत कसं बदललं ते एकदा लिही, असं हॉकबॉम नावाच्या त्याच्याच विद्यार्थ्याने टोचल्यावर ते कागदावर आलं. लिओपोल्ड खोटं लिहितो असं मी म्हणत नाही. डोळे त्याने पाहिलेच होते. त्यांचा अर्थ लागायला पस्तीस वर्षं लागली. म्हातारे शिकारी आपला बदल एका क्षणावर नेऊन ठेवतात, तो क्षण पुष्कळदा मागाहून निवडलेला असतो. आणि एक : लिओपोल्डने शिकार कधीच सोडली नाही. लांडगे सुटले, पाखरं नाही.

अर्थात क्षणात बदलणारेही असतात. दुधवाचे बिली अर्जन सिंग यांनी बाराव्या वर्षी बिबट्या आणि चौदाव्या वर्षी वाघ मारला होता. चाळिशी ओलांडल्यावर, एका रात्री गाडीच्या दिव्यांच्या झोतात आलेला बिबट्या त्यांनी टिपला आणि तो पडलेला पाहून त्यांना स्वतःचीच किळस आली. पुढचं सगळं आयुष्य दुधवाचं जंगल राखण्यात आणि बिबटे-वाघीण पाळून पुन्हा रानात सोडण्याच्या वादग्रस्त प्रयोगांत गेलं.

उलट टोकाला सरगुजाचे महाराज रामानुज शरण सिंह देव. वन्यजीव अभ्यासक जॉर्ज शॅलर यांना साठच्या दशकात त्यांनी पत्राने आपला आकडा कळवला : 1150 वाघ. चेकवर लिहितात तसा तो अक्षरीही लिहिला होता, पुढे ‘फक्त’ जोडून. वय झालं, अनुभवही कुणाहून कमी नव्हता. तरी गडी आकड्याच्या टप्प्यावरच राहिला. हाके घालायला माणसं हुकमी, रान स्वतःचं आणि विचारणारं कुणी नाही, अशा ठिकाणी वय काय बदलणार?

लहानपणीच मारणं आणि निरखणं एकत्र नांदल्याचं उदाहरण मुंबईतलं आहे. सलीम अलींनी दहा-अकराव्या वर्षी घरट्याशी बसणारे चिमणे एअरगनने टिपले : सात दिवसांत आठ. आणि सोबत नोंद केली, की दर वेळी मादीला लगेच नवा जोडीदार मिळाला. मारण्याची फुशारकी आणि निरीक्षण एकाच कागदावर! ही टिपणी त्यांनी पुढे आत्मचरित्रात दिली आहे. पक्षिशास्त्राच्या कामात नमुने गोळा करण्यासाठी बंदूक त्यांच्या हातात अनेक वर्षं राहिली.

हे सगळं झालं हौशी शिकाऱ्यांचं. ज्याची चूल फाशावर पेटते, त्याला टप्पेबिप्पे नसतात. आपल्याकडच्या फासेपारध्यांबद्दल माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी नोंदवलं आहे, की फासात गाभण काळवीटमादी किंवा पाडस अडकलं तर ते सोडून देण्याची त्यांची पूर्वापार रीत होती. तिथे विशीतला पारधीही सोडायचा आणि सत्तरीतलाही, कारण सोडणं हा जमातीचा नियम होता. बंदूकवाल्या साहेबांना जे चाळीस वर्षांत कळलं किंवा कळलं नाही, ते या पोरांना फास लावायला शिकतानाच सांगितलेलं असायचं.

तुमच्या आजोबांबाबत एक गोष्ट वेगळी आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा जुना कारभार आवळत आणला, तेव्हा ते जेमतेम तिशीत होते. त्यांच्या पिढीतल्या बहुतेकांचा प्रवास असाच मध्येच थांबला. काहींचा आकड्यावर, काहींचा शिंगांवर. पुढचं वळण त्यांना रानात घेता आलं नाही, ते घराच्या अंगणात घेतलं गेलं. काहींनी जुनी ओढ पाणवठ्यावर नुसतं बसून भागवली. व्यंकटेश माडगूळकरही शिकारीची हौस असलेले. ‘नागझिरा’ लिहिताना ते तुमच्या साकोलीच्या शेजारच्या त्या जंगलात पाहायला आणि टिपणं काढायला राहिले होते.

आजोबा खुशीत असतील तेव्हा त्यांना एक विचारून पाहा. बहात्तरच्या आधी, जनावर टप्प्यात, बंदूक भरलेली आणि सोबत कुणी नाही, असं असूनही त्यांनी बार टाकला नाही, असं कधी झालं होतं का? ‘हो’ म्हणाले तर बदल कायद्याच्या आधीच सुरू झाला होता. ‘नाही’ म्हणाले, तर तो नंतर कधीतरी अंगणात बसून आला, आणि होल्यांना दोन्हीकडून दाणे तेवढेच मिळतात.